शाळा बंद पडते तेव्हा वहीचं काय होतं?

पावसाळ्यात हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, रात्री उशिरा जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश मोबाइलवरून फिरू लागतो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, सुट्टी कशाला? करोनात ऑनलाइन शाळा चालवलीच ना, तशीच घ्या. दुसरी बाजू म्हणते, ऑनलाइनचं नावही काढू नका, त्या दोन वर्षांत मुलांचं जे वाटोळं झालं ते अजून निस्तरतोय. वाद तावातावाने होतो, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे. शाळा म्हणजे तासिका. त्या वर्गात होणार नसतील तर एक तर पडद्यावर होतील, नाही तर बुडतील. तिसरं काही असू शकतं हे कुणी बोलतच नाही.

माझं म्हणणं असं की वर्ग आणि ऑनलाइन यांची जोड घालायची ती वेळापत्रकाची नव्हे, कामाची. शिकवण्यातलं कोणतं काम दुरून होतं आणि कोणतं होत नाही, हे आधी वेगळं करावं. दुरून होतं तेवढंच दुरून करावं. बाकीचं शाळा उघडेल त्या दिवशी, पहिल्या तासापासून हातात घ्यावं. आणि ही तयारी जूनमध्ये पूर्ण व्हावी, अलर्टच्या रात्री नव्हे.

कोणतं काम कुठे होतं, हे एका वजाबाकीवरून दिसतं. तिसरीतली मुलगी ५२ वजा २७ करते आणि उत्तर लिहिते ३५. बाई शेजारी उभ्या असतील तर त्यांना उत्तराच्या आधीच कळतं. पेन्सिल एककाच्या घरात थबकते, दोनातून सात जात नाहीत हे मुलीला दिसतं, आणि वाट काढायची म्हणून ती उलटं करते, सातातून दोन घेते. बाई रबर लावलेला दहा काड्यांचा गठ्ठा तिच्या हातात देतात, सोडायला लावतात, आधीच्या दोन सुट्या काड्या त्यात मिसळून बारा मोजायला लावतात. एका मिनिटाचंही काम नाही. आता हीच वजाबाकी ऑनलाइन करून पाहा. हातच्याची वजाबाकी समजावणारा व्हिडिओ उत्तम असेल, मुलगी तो दोनदा बघेलही. संध्याकाळी तिच्या वहीचा फोटो बाईंच्या फोनवर येतो. त्यात ३५ दिसतं. ती थबकलेली पेन्सिल फोटोत येत नाही. बाई फुली मारून बरोबर उत्तर पाठवतात, मुलगी ते उतरवून काढते, आणि पुढच्या वेळी ६१ वजा ३८ चं उत्तर ३७ लिहिते.

तेव्हा पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी साधा नियम असावा: दुरून फक्त जुनं, नवं वर्गात. शिकवून झालेल्या क्रियेचा सराव, ओळखीच्या अक्षरांतल्या गोष्टीचं वाचन, पाढे, परिसरातली एखादी नोंद, ऐकून लिहिणं, हे घरी होतं. नवी गणिती क्रिया, अक्षरओळख, जोडाक्षरं, पहिलावहिला परिच्छेद स्वतःच्या मनाने लिहिणं, हे घरी होत नाही; झाल्यासारखं वाटतं आणि चूक पक्की होते. आठवी ते दहावीला सीमा थोडी सरकते. तिथे भूमितीतल्या प्रमेयाचं स्पष्टीकरण मूल व्हिडिओवर ऐकू शकतं, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यासाठीच आहे. पण सिद्धता लिहायला बसल्यावर कारण कुठे चुकतं हे पाहायला पुन्हा शिक्षकाची नजरच लागते.

जोड घालण्याचा सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग म्हणजे एकाच वेळी दोन्ही. निम्मी मुलं वर्गात, निम्मी पडद्यावर, शिक्षक एकच. दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की प्रदूषणाच्या टप्प्यानुसार शाळांना असा ‘हायब्रिड’ आदेश मिळतो. त्यातली एक गोष्ट आपण जरूर घ्यावी: टप्पे आधीच जाहीर असतात, कोणत्या टप्प्याला काय होणार याची पालकांना कल्पना असते. पण एका शिक्षकाने दोन वर्ग एकदम सांभाळायचे, हे घेऊ नये. फोन स्टँडवर लावला की शिक्षक त्याच्या चौकटीत अडकतो. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकतो, घरच्या मुलाला अक्षर दिसत नाही. वर्गातला गलका माइक आधी पकडतो, शिक्षकाचा आवाज नंतर. घरचं मूल ‘सर, ऐकू येत नाही’ म्हणतं तेव्हा वर्गातली तीस मुलं थांबतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि हे झालं एका इयत्तेला एक शिक्षक असलेल्या शाळेचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकेक शिक्षक आधीच दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकाच खोलीत शिकवतो आहे. त्याच्यापुढे आणखी एक पडदा ठेवायचा कसा?

मग पूर्ण वेळापत्रकच पडद्यावर न्यावं का? शहरातल्या काही खासगी शाळा अलर्टच्या दिवशी तसं करतात, सकाळपासून दुपारपर्यंत. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी जुलै २०२० मध्येच, सगळं बंद असताना, पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं पुरे असं म्हटलं होतं. शिवाय हिशेब करा. समूहाच्या व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबीचं रिचार्ज असलेल्या घरात दोन मुलं आणि एक फोन असेल तर दुसऱ्या मुलाची पाळी येण्याआधी डेटा संपतो. याउलट पाच मिनिटांचा व्हिडिओ ३६० पिक्सेलमध्ये साठवला तर पंचवीस एमबीच्या आसपास बसतो, आणि शिक्षकाच्या आवाजातला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक एमबीही घेत नाही. तो रात्री कामावरून परतलेल्या वडिलांच्या फोनवरही ऐकता येतो. थेट तास मात्र वडील कामावर असतानाच होतो.

आणखी एक गोष्ट या वादात कुणी मोजतच नाही. ज्या दिवशी खरोखर पूर येतो त्या दिवशी आधी वीज जाते, मग टॉवर बंद पडतो, मग फोन. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी चढून तालुका तुटला, किंवा २०१९ आणि २०२१ सारखा कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा-कृष्णेने वेढा घातला, तर त्या गावात ऑनलाइन वर्ग हा शब्दच फिजूल आहे. शाळेची इमारत तर पूर ओसरल्यावरही अनेक दिवस निवारा केंद्र असते. म्हणजे ऑनलाइनचा उपयोग आपत्तीच्या दिवशी कमी आणि आदल्या व नंतरच्या दिवशी जास्त. मधले दिवस कागदाने भरायचे असतात.

तो कागद कसा असावा हे नीट सांगायला हवं, कारण इथेच बहुतेक योजना फसतात. प्रत्येक मुलाला जूनअखेर एक पिशवी द्यावी, तोंड घट्ट बंद होणारी, प्लॅस्टिकची. आत पाच पानं, पाठपोट. एका बाजूला वाचायचा उतारा आणि दोन प्रश्न, दुसऱ्या बाजूला गणित, सहा-सातपेक्षा जास्त उदाहरणं नकोत. पानावर तारीख छापायची नाही आणि धड्याचा क्रमांकही नाही, कारण पाऊस कधी कोसळेल हे कुणाला माहीत नसतं. मजकूर किमान दोन आठवडे आधी शिकवून झालेल्या भागावरचा, म्हणजे पान कोणत्याही दिवशी उघडलं तरी मुलाला अडणार नाही. जुलैअखेर आणि ऑगस्टअखेर पानं बदलायची. साठ मुलांच्या शाळेला एका वेळी सहाशे बाजू छापाव्या लागतात. बाजूला रुपया धरला तर सहाशे रुपये. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेच्या निकषात तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान आहे. ते वेळेवर हातात पडलं तर हा खर्च त्यात सहज बसतो, आणि ते जूनमध्ये पडायला हवं हीच मागणी जोर लावून करण्यासारखी आहे.

पिशवीसोबत दुसरी वस्तू म्हणजे शाळेच्या वहीतला फोनचा तक्ता. कुणाच्या घरी कुणाचा फोन आहे, साधा की स्मार्ट, आणि तो घरात किती ते किती असतो. ‘पालकांचा मोबाइल क्रमांक’ एवढा एकच रकाना निरुपयोगी ठरतो, कारण तो क्रमांक दिवसभर वीटभट्टीवर किंवा एमआयडीसीत असतो. बंदीच्या दिवसांत शिक्षकाने संध्याकाळी आठ मुलांना फोन करायचा, प्रत्येकी चार मिनिटं. बोलायचं पालकांशी नव्हे, मुलाशी. आजच्या उताऱ्यातल्या पाच ओळी वाचून दाखव, दोन नंबरचं गणित कसं केलंस ते सांग. ‘कसं केलंस’ विचारलं की दोनातून सात जात नाहीत म्हणून उलटं केलं, हे मूल स्वतःच्या तोंडाने सांगतं. फोटोत न दिसलेलं आवाजात बरंचसं सापडतं. साध्या फोनवरही सापडतं.

या साध्या फोनची ताकद आजमावलेली आहे. २०२० मध्ये बोत्सवानात शाळा बंद असताना काही घरांना आठवड्याची गणितं नुसती एसएमएसने पाठवली आणि काही घरांना एसएमएससोबत आठवड्यातून एक वीसेक मिनिटांचा फोन केला. नुसत्या एसएमएसने फारसं काही साधलं नाही. फोन जोडला तिथे मुलं लक्षणीय पुढे गेली. पण यासाठी बोत्सवानापर्यंत जायचीही गरज नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम, दहा आठवडे. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून तो ऐकायचे, संपल्यावर त्यावर बोलायचे, प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मोजमाप केलं, तेही तुलनेने: गट असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं, रेडिओ नसलेली गावं. गट असलेल्या गावांत ज्ञान भरपूर वाढलं. नुसता रेडिओ होता तिथे वाढ तुटपुंजी होती. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतर काय झालं यामुळे. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यांत मिळालेलं हे उत्तर आपण २०२० मध्ये वापरलं नाही, याचं वाईट वाटतं.

२०२० मध्ये प्रयत्न कमी झाले असं मुळीच नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअॅपवर येत होती. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका तर जिथे नेट पोहोचत नव्हतं अशा घरांत पोहोचली, आणि तिची मांडणी मुलांना जवळची होती. पण हा सगळा ओघ एका दिशेचा होता. गेलं ते कळत होतं, परत काय आलं ते कळत नव्हतं. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, ठरावीक दिवसांनी तीन चाचण्यांसह. कल्पना अगदी योग्य होती: मागचं तपासा, मग पुढे जा. मात्र बहुतेक वर्ग तेव्हा बंदच होते, ते उघडायला ऑक्टोबर, आणि पहिली ते चौथीला तर डिसेंबर उजाडला. सेतूचं दुसरं टोक ज्या वर्गात टेकायचं तो वर्गच नव्हता, त्यामुळे सेतूही पुन्हा पीडीएफ होऊन फोनवर आला.

आता विरोधकांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला विषमतेचा. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२० मध्ये ग्रामीण भागातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, म्हणजे दहातल्या जवळपास चार मुलांच्या घरी नव्हता. पुढे फोन वाढले तरी अभ्यास त्या प्रमाणात वाढला नाही. २०२४च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. हे सगळं मान्य. पण यावरून ‘म्हणून बंदीच्या दिवशी काहीच नको’ हा निष्कर्ष निघतो का? शाळा गप्प बसली की शिक्षण सगळ्यांचं सारखं थांबतं, असं होत नाही. ज्या घरात शिकलेली आई आहे, शिकवणी आहे, पुस्तकांचं कपाट आहे, तिथे ते चालूच राहतं. थांबतं ते ज्याची सगळी भिस्त शाळेवर आहे त्याचं. म्हणून तर पाया कागदाचा आणि साध्या फोनचा धरायचा, आणि स्मार्टफोन ही वरची जोड मानायची. आजवर उलटं केलं गेलं.

दुसरा मुद्दा शिक्षकांच्या कामाचा. निवडणुका, सर्वेक्षणं, वेगवेगळ्या पोर्टलवरची माहिती, आणि आता ही पिशवी? तक्रार रास्त आहे. म्हणून पानं शाळाशाळांत तयार करायची नाहीत, जवळपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्यात करायची. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. जूनच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, इयत्ता आणि विषय वाटून घेतले तर एका शिक्षकाच्या वाट्याला एका इयत्तेच्या एका विषयाच्या पाच बाजू येतात. आणि काहीतरी काढूनही घ्यावं लागेल. बंदीच्या काळात ‘उपक्रमाचे फोटो टाका, लिंक भरा’ हे पूर्ण थांबायला हवं. ज्या अर्ध्या तासात आठ मुलांशी बोलता येतं, तो अर्धा तास फोटो गोळा करण्यात गेला तर योजना तिथेच संपली.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. एकदा ‘शाळा बंद असली तरी शिक्षण चालू’ हे मान्य केलं की शाळा बंद करणं सोपं होईल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले गेले होते, ही आठवण ताजी आहे. उद्या रिक्त पदाऐवजी पडदा दिला जाईल, ही भीती काल्पनिक नाही. यावर माझं उत्तर असं की दुरून केलेल्या कामाचा दिवस कामकाजाचा दिवस म्हणून मोजूच नये. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास ठरवले आहेत. ते वर्गातच भरून काढावेत. मग दुरून काम करायचं कशासाठी? मुलाचा हात सुटू नये, एवढ्यासाठी. तो दिवस मोजला की सगळी धडपड हजेरी दाखवण्यासाठी होते. नोंदीत सगळं पूर्ण आणि वहीत रिकामं, हे आपण पाहिलेलं आहे. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. त्या मुलांचा त्यात काडीचाही दोष नव्हता, पण अकरावीत गेल्यावर कुणाचं काय कच्चं राहिलं आहे हे त्या आकड्यावरून कुणालाही सांगता आलं नसतं.

आणि ‘एक-दोन दिवसांनी काय बिघडतं, पोरांना पावसात खेळू द्या’ असं म्हणणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. एका दिवसाची सुट्टी ही सुट्टीच असावी, पिशवी उघडूही नये. ती तिसऱ्या दिवसापासून. पण सगळी बंदी एका दिवसाची नसते, आणि काही मुलांची तर ती दरवर्षी ठरलेली असते. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातलं मूल पाच-सहा महिने आपल्या शाळेपासून दूर राहतं, शाळा मात्र चालू असते. शिक्षण हमी कार्ड त्याला नव्या गावच्या शाळेत बसण्याचा हक्क देतं, पण वजाबाकी कुठपर्यंत आली आहे हे नव्या शिक्षकाला सांगत नाही. हीच पिशवी, वर शिक्षकाच्या हातची चार ओळींची नोंद, आणि मूळ शाळेतून आठवड्याला एक फोन, एवढं त्या मुलासोबत गेलं तर? पावसासाठी केलेल्या तयारीचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित इथेच होईल.

राहिला शाळा उघडण्याचा दिवस. पहिल्या दोन तासिकांत नवा धडा घ्यायचा नाही. पिशव्या गोळा करून तीन ढीग करायचे: पूर्ण, अर्धवट, कोरे. पूर्ण ढिगातली मुलं जोडीने एकमेकांची पानं तपासतील. अर्धवट ढिगात मूल कोणत्या उदाहरणावर थांबलं ते बघायचं. तिघा-चौघांचं थांबण्याचं ठिकाण एकच निघतं, त्यांना काड्यांचे गठ्ठे घेऊन एकत्र बसवायचं. कोऱ्या ढिगातल्या मुलांना सगळ्यांत आधी जवळ घ्यायचं आणि अभ्यासाचं काहीही विचारण्याआधी घरात पाणी शिरलं होतं का, पुस्तकं पाण्यातून शाबूत राहिली का, रात्री कुठे झोपलात, हे विचारायचं. त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहायचं नाही. भिजलेली पिशवी बाजूला ठेवून नवी त्याच दिवशी हातात द्यायची. त्यासाठी दर वर्गामागे पाच जादा पिशव्या जूनमध्येच करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवाव्या लागतात.